कानामागची टिकली

पैज लागली ती दोन वेण्यांवर.

रविवारची सकाळ होती. उम्या पोवार माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर चहा पीत बसला होता. माझं दुकान म्हणजे स्कूटरच्या बॅटऱ्यांचं. संपलेली काढायची, भरलेली बसवायची, दोन मिनिटांत गिऱ्हाईक मोकळं आणि आपण पण मोकळे. उरलेला वेळ मी लोकांच्या खोड्या काढण्यात घालवतो. त्यात पहिला नंबर उम्याचा. समोरच्याच घरात राहतो आणि चौथीपासून माझ्या हातून फसत आलाय. मागच्या महिन्यात मी त्याच्या दाराच्या बेलमध्ये त्याच्याच बायकोचा "अहो, ऐकलं का" असा आवाज भरून ठेवला. चार दिवस बेल वाजली की हा आंघोळीतनं सुद्धा "आलो, आलो" करत बाहेर. आणि बायको ओट्याशी उभी राहून विचारतीय, टॉवेलावर कुठं निघालाय?

तर उम्या चहा पीत होता आणि आतून आमची नंदू आली. राजनंदिनी धैर्यशील चौगुले, वय सात, इयत्ता दुसरी. एका पायात माझी चप्पल, एका पायात आईची. दोन्ही हातांत उम्याचं हेल्मेट, ओल्या मातीनं काठोकाठ भरलेलं.

"काका, तुझ्या हेल्मेटात मी मेथी लावलोय," ती म्हणाली. "रोज पाणी घाल. आणि डोकं आत घालायचं नाही, कोंब मोडतील."

उम्याच्या नाकातनं चहा आला. मला हसू आवरेना. शेजारच्या शिरगावे काकू दुधाची पिशवी घेऊन निघाल्या होत्या, त्या पण कट्ट्याला धरून हसत उभ्या राहिल्या.

"हस, हस," उम्या म्हणाला. "धैर्या, तुझ्या पोरीला टिकली लाव लगा. हा माझा विराज बघ."

विराज त्याच्या शेजारी बसला होता. बसला होता म्हणजे खरंच बसला होता, दोन्ही हात मांडीवर. सहा महिन्यांपूर्वी ह्याच पोरानं गल्लीच्या पाण्याच्या टाकीत शाम्पूची आख्खी बाटली ओतली होती आणि सगळ्या नळांतनं दोन दिवस फेस येत होता. आता त्याच्या उजव्या कानामागं बोराएवढी एक कातडीच्या रंगाची टिकली होती. पोरांच्या शाळेनं दोन हजार एक्केचाळीस सालच्या जूनपासून ती आणली होती. सक्ती नव्हती, पण वर्गातल्या निम्म्या पोरग्यांच्या कानामागं ती दिसायला लागली होती; पोरींना अजून कुणी लावली नव्हती.

"माझ्या पोरीला?" मी म्हणालो. "महिनाभर लाव. टिकलीच रडत कंपनीत परत जाईल."

"लागली पैज?"

"लागली!"

"महिना संपताना आठ दिवस सलग शाळेतून तक्रार आली नाही, तर तू हरलास. स्नेहसंमेलनात स्टेजवर यायचं. पोरींचा युनिफॉर्म घालून, दोन वेण्या घालून. आणि कान धरून एकवीस उठाबशा."

"आणि मी जिंकलो तर तू येणार. ह्या पोटावर पिनोफ्रॉक कसा बसेल ते तुझं तू बघ."

"मधेच टिकली काढलीस तरी हरलास."

"काढत नाही भावा."

"मी हाय साक्षीला," शिरगावे काकू म्हणाल्या. "रिबिनी मी देतो."

"मी पण साक्षीला आलो!" म्हणून नंदू हेल्मेट घेऊन मधे घुसली आणि अर्धी माती उम्याच्या पायजम्यावर.

हे इथंच सांगून ठेवतो. आमच्या कोल्हापुरात बायका-पोरी असंच बोलतात. मी आलो, मी जेवलो, मी दमलो. माझी आजी असंच बोलायची, आई बोलते, बायको बोलते. बाहेरगावचा पाहुणा पहिल्यांदा ऐकतो तेव्हा इकडंतिकडं बघतो, की हा बाप्या कोण बोलला. बघू दे की.

*

बायकोला, मृणालीला, पैजेचं कळलं तेव्हा ती डेअरीतून सकाळची पाळी करून आली होती.

"पोरीवर पैज लावताय तुम्ही? जनाची नाही, मनाची तरी..." ती थांबली. खुर्चीत बसली. पायातले बूट पायानंच काढले. मग हळूच म्हणाली, "खरंच गप बसतात का हो पोरं?"

"विराज बसतो."

"मी लई दमलोय ओ. महिनाभर बघूया."

तिला दोष देत नाही. आमच्या घरातली सकाळ ज्यानं बघितली नाही त्यानं बोलू नये. मोजा एकच सापडायचा. दुसरा शोधायला पाठवलेली नंदू पलंगाखाली जाऊन मुंग्यांना दूध पाजत बसायची. ब्रश ओला करून दात घासले म्हणून सांगायची, आणि वास घ्यायला जवळ बोलावलं की आधी टूथपेस्ट खाऊन यायची. रिक्षा दारात हॉर्न मारतीय तेव्हा पोरगी सांगणार, "आज शाळेत जिवंत गांडूळ न्यायचंय, काल सांगायचं विसरलो." आणि मग तिच्या देसाई बाईंचा फोन. एकदा बाईंनी 'माझे बाबा' यावर चार ओळी लिहायला सांगितल्या. हिनं लिहिलं: माझे पप्पा बॅटऱ्या बदलतात. माझे पप्पा खोटं बोलतात. उमेशकाका फसतो. मी पण शिकतोय.

ती वही घेऊन बाईंनी मला बोलावलं होतं. मी वर्गाबाहेर जाऊन पोट धरून हसलो, मग आत येऊन तोंड पाडून उभा राहिलो.

*

टिकली बसवायला शाळेतच एक खोली होती. कंपनीकडून आलेल्या डॉक्टर तांबोळी मॅडम तिथं बसायच्या. नाशिकच्या, चांगल्या बाई. त्यांनी आम्हाला नीट समजावून सांगितलं.

आपण हात उचलतो, त्याच्या जवळजवळ अर्धा सेकंद आधीच मेंदूत हात उचलायची तयारी सुरू झालेली असते. आपल्याला पत्ता नसतो, पण मेंदूवर कान लावला तर ती हालचाल ऐकू येते. टिकली म्हणजे तो कान. हजारो पोरांच्या मेंदूंवर तिला आधीच शिकवलेलं असतं की खडू फेकायच्या आधी अशी तयारी दिसते, खोटं बोलायच्या आधी अशी. तसलं काही दिसलं की टिकली आत एक बारीकसा आवाजाचा झटका सोडते. कानाला ऐकू न येणारा. दुखत नाही, खुपत नाही.

"मग होतं काय?" मी विचारलं.

"जिना उतरताना शेवटची पायरी संपली असं वाटून आपण पाऊल टाकतो, आणि अजून एक पायरी निघते. तेव्हा पोटात कसं होतं? तसं. अगदी छोटं. मूल थांबतं, एवढंच."

"हे कायमचं लावायचं?" मृणालीनं विचारलं.

"नाही, तेच तर चांगलं आहे. सहा ते नऊ या वयात मेंदू साफसफाई करत असतो. शेतातल्या पायवाटेसारखं बघा. ज्या वाटेनं माणसं जातात ती पक्की होते, ज्या वाटेनं कोणी जात नाही तिच्यावर गवत उगवतं. दोनेक वर्षांत चुकीच्या वाटा बुजून जातात. मग टिकली काढली तरी मूल चांगलंच राहतं."

मृणालीनं मान डोलावली. मी पण डोलावली. मी मनात म्हणत होतो, दोन वर्षांचं काम आहे आणि आपली पैज एका महिन्याची. म्हणजे जिंकलोच.

नंदूनं आरशात कानामागं बघितलं. "मी आता रोबोट झालो," म्हणाली आणि मॅडमचा स्टेपलर खिशात घातला. पुढच्याच क्षणी ती थबकली. कपाळावर एक आठी आली. स्टेपलर बाहेर काढून तिनं टेबलावर सरळ ठेवला.

"बघा!" मॅडम म्हणाल्या.

*

पहिले चार-पाच दिवस मी रोज उम्याला चिडवत होतो. नंदूनं वर्गातल्या माशाला टिफिनमधलं लोणचं चारलं. रिक्षावाल्याची टोपी खिडकीतून फेकली. "पिनोफ्रॉक शिवायला टाक," मी उम्याला ओरडून सांगायचो. "पोटाला इलॅस्टिक लावायला सांग."

पण ती बोलताना अडखळायला लागली होती. "मी आज..." आणि थांबायची. गिळल्यासारखं करायची. परत "मी..." मला वाटलं दात पडलाय म्हणून असेल.

नवव्या दिवशी दोन्ही मोजे सापडले. म्हणजे तिनं आदल्या संध्याकाळीच बुटांत घालून ठेवले होते. रिक्षा आली तेव्हा ती दारात दप्तर घेऊन उभी होती. रिक्षावाल्यानंच मला विचारलं, "पोरीला बरं नाही काय ओ?"

त्या दिवशी मी आणि मृणाली सकाळी चहा घेऊन समोरासमोर बसलो. सात वर्षांत पहिल्यांदा चहा गरम असताना प्यालो. मृणाली म्हणाली, "मला बोलायला काय सुचंना झालंय," आणि आम्ही दोघं हसलो. खरं सांगतो, बरं वाटलं. पैज हरतोय हे दिसत होतं तरी बरं वाटलं. पुढं जे झालं त्यात माझा वाटा किती, ते मी ह्या चहापासून मोजतो.

पण हरायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. म्हणून मी पोरीला बिघडवायला घेतलं. बाप म्हणून माझ्याकडं दुसरं काही नसेल, पण ह्या विषयात माझा हात कोण धरणार? एका दुपारी उम्या कट्ट्यावर पेपर वाचताना पेंगत होता. मी कागदाची लांब शेपटी केली, टोकाला चिकटपट्टी लावली आणि नंदूच्या हातात दिली.

"जा. काकाच्या पाठीला लाव. मग आपण त्याला चौकात घेऊन जाऊ केळी आणायला."

आधीची नंदू असती तर शेपटीला अजून एक गोंडा लावून गेली असती. ही दोन पावलं गेली आणि थांबली. परत एक पाऊल टाकलं, परत थांबली. अंधारात जिन्याची पायरी चाचपल्यासारखी ती भर उन्हात उभी होती. मग वळून माझ्याकडं आली आणि शेपटी माझ्या हातात दिली.

"नको. काकांना वाईट वाटेल."

"अगं त्यासाठीच तर!"

ती माझ्याकडं बघत राहिली. गंमत कळली नाही म्हणून नव्हे. कळायच्या आधीच काहीतरी तिच्या आत येऊन दार लावून गेलं होतं आणि ती दाराबाहेर उभी होती.

त्यानंतर मी लई काय काय केलं. तिच्या डब्यात प्लॅस्टिकची पाल ठेवली. ती तिनं बाईंना नेऊन दिली. जेवताना पाण्याच्या पेल्यात फुंकर मारून बुडबुडे काढले. ती म्हणाली, "सांडेल." चपला उलट्या पायात घालून बाजारात गेलो. ती शेजारून चालत होती, नजर खाली.

अठराव्या दिवशी देसाई बाई स्वतः दुकानात आल्या. हसत. वही पुढं केली. "बघा हो, किती सुधारणा."

परत 'माझे बाबा'. अक्षर मोत्यासारखं. माझे बाबा कष्टाळू आहेत. ते रोज दुकानात जातात. मला माझे बाबा आवडतात.

मी दोनदा वाचलं. हा माणूस कोण, मला ओळख पटेना. गावातल्या कुठल्याही पोरीचा बाप चालला असता.

*

मृणालीनं मला झापलं ते एकविसाव्या दिवशी.

"आज दिवसभरात ती माझ्याशी सहा वाक्यं बोलली," ती म्हणाली. "मी मोजलो. सहा. आणि त्यात दोनदा 'ठीक आहे'."

"विराज पण गप्पच असतो की."

"कुठं गप्प असतो? काल त्याच्या आईशी भेंडीवरनं तासभर भांडत होता. मस्ती करत नाही, पण तोंड चालू असतंय. आमची पोरगी बोलायचीच बंद झालीय ओ. तोंड उघडती आणि मिटती. माशासारखं. तुमच्या पैजेचं मला काय बी सांगू नका, उद्याच्या उद्या त्या डॉक्टरीणबाईकडं चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं तांबोळी मॅडमच्या खोलीत बसलो. मॅडमनी टिकलीतली नोंद पडद्यावर उघडली. बघता बघता त्या खुर्चीत पुढं सरकल्या.

"किती झटके बसतात साधारण पोरांना?" मी विचारलं.

"दिवसाला तीस. फार खोडकर असेल तर चाळीस."

"आणि हिला?"

त्यांनी पडदा माझ्याकडं वळवला. पहिल्या दिवशी चौदाशे. दुसऱ्या दिवशी तेराशे साठ. काल हजार.

"एवढी मस्ती?" मी म्हणालो. माझ्या आवाजात, काय सांगू, थोडा अभिमान होता.

"मस्ती नाही," मॅडम यादीवरून बोट खाली नेत म्हणाल्या. "हे बघा. 'मी आलो.' मुलगी, क्रियापद मुलाचं, चूक. 'मी जेवलो.' चूक. 'मी पेन्सिल हरवलो.' चूक. 'मी येतो, मी बघतो, मी झोपत नाही जा...'" त्यांनी चष्मा काढला. "यात शुद्ध बोलण्याची सोय आहे. ती आपोआप चालू असते. यंत्राला शिकवलं त्या मुलांत कोल्हापूरचं कोणी नव्हतं."

मी हसलो. खोटं कशाला बोलू, आधी मी हसलोच. कंपनीला टोपी घालणारी माझी पोरगी, नुसती बोलून! मला वाटलं हे उम्याला कधी सांगतो. मग मृणालीकडं बघितलं. तिनं नंदूचा हात दोन्ही हातांत धरला होता आणि तिचे ओठ पांढरे झाले होते.

"म्हणजे मी जसं बोलतो," ती म्हणाली, "तसं ती बोलली की तिला..."

"हो."

"दर वाक्याला?"

"नुसतं बोलून टाकलेल्या वाक्यालाच नाही. मनात वाक्य जुळवायला लागली तरी. म्हणून तर बोलणं थांबलं तरी आकडा फारसा उतरलेला नाही." मॅडमनी कागदावर काहीतरी गुणाकार केला आणि तो कागद उलटा ठेवला. मी सरळ केला. इतर पोरांना दोन वर्षांत बसतात तेवढे हिला बावीस दिवसांत बसले होते.

"काढा," मी म्हणालो.

"काढते. पण..."

"आधी काढा."

टिकली निघाली. कानामागं गुलाबी गोल उमटला होता, अंगठी काढल्यावर बोटावर राहतो तसा.

"आता येईल ना परत?" मी विचारलं.

"काय परत यायला हवंय तुम्हाला?" मॅडमनी अगदी मऊ आवाजात विचारलं. "मला वर कळवावं लागेल. तक्रारीचं स्वरूप इथं निवडायचंय."

पडद्यावर यादी होती. पुरळ. ताप. झोप न लागणे. चक्कर. मी वरून खाली बघितलं, खालून वर बघितलं. माझी तक्रार काय होती? पोरगी ऐकते. मोजे सापडतात. शेपटी लावत नाही. असल्या तक्रारीला खिडकी कुठली असणार?

"इतर," मॅडमनी स्वतःच निवडलं. मग म्हणाल्या, "खोटं सांगत नाही, चौगुले. तिची बुद्धी शाबूत आहे, अभ्यास उत्तम करेल. पण काही करावंसं वाटलं, बोलावंसं वाटलं, की आधी थांबायचं, ही वाट आता तिच्यात पक्की झालीय. दुसरीवर गवत आलंय. आत काही उरलं असेल तर कधीतरी आपसूक वर येईल. न विचारता, कोणाकडं न बघता. मी एवढंच सांगू शकते."

नंदू उठली. "धन्यवाद मॅडम," म्हणाली आणि खुर्ची आत सरकवली.

*

टिकली मधेच काढली, म्हणजे पैज हरलो. ते काही नाही. पण त्या दिवसापासून मला एकच नाद लागला. न विचारता, कोणाकडं न बघता, एकदा. एकदा हसू दे, नाहीतर काहीतरी फोडू दे. मी काचेची बरणी मुद्दाम ओट्याच्या कडेला ठेवायचो. ती आत सरकवून ठेवायची.

मृणालीचं वेगळंच चाललं होतं. आठवडा झाल्यावर मला दिसलं. ती कामावरून आली, दारात चप्पल काढता काढता तोंड उघडलं, थांबली, आणि म्हणाली, "नंदू, मी आले."

मला वाटलं चुकून. पण मग, "मी जेवून घेते." "मी जरा पडते." माझी बायको, चाळिशीची, ह्या गावात जन्मलेली, तोंडात खडा धरल्यासारखं एकेक वाक्य जपून बोलत होती.

"हे काय चाललंय?" मी तिला मागच्या खोलीत विचारलं.

"मी 'आलो' म्हटलं की तिचे खांदे आक्रसतात," ती म्हणाली. "कुणीतरी मारणार असल्यासारखे. टिकली नाही तरी. तुम्ही बघितलं नाही, मी बघितलो." तिनं लगेच तोंडावर हात ठेवला आणि दाराबाहेर नजर टाकली, पोरीनं ऐकलं तर नाही ना म्हणून. "बघितले," ती म्हणाली. "मी बघितले."

मी आयुष्यभर लोकांना फसवत आलो. त्या दिवशी मी नुसतं दार हळूच लोटून घेतलं.

स्नेहसंमेलनाच्या आदल्या दिवशी उम्या दुकानात आला. बसला नाही, उभाच राहिला. "धैर्या, पैज सोड लगा. गंमत होती ती. विराजची पण काढली मी टिकली कालच."

"विराज कसा हाय?"

उम्यानं पायानं जमीन उकरली. "आज सकाळी माझ्या बुटात दही घातलं."

"नशीबवान हायस."

"म्हणून म्हणतो, सोड."

"नाही सोडत. उम्या, तिनं मला असलं बघितलंच नाही कधी. चपला उलट्या घातल्या, तोंड वेडंवाकडं केलं, ते तिला रोजचंच. पण बाप पिनोफ्रॉकमधे? दोन वेण्यांत? मेलेला माणूस उठून हसेल. आत काही असेल तर ह्यालाच येईल वर."

"आणि नाही आलं तर?"

"रिबिनी काकूंकडनं आणायला विसरू नको," मी म्हणालो.

*

शाळेचं मैदान भरलं होतं. पडद्यामागं शिरगावे काकूंनी काळ्या लोकरीच्या दोन वेण्या माझ्या डोक्याला पिनांनी बसवल्या आणि लाल रिबिनीची फुलं बांधली. निळा पिनोफ्रॉक त्यांनी दोन जोडून शिवला होता, तरी पाठीमागं वीतभर फट राहिलीच. गुडघ्यापर्यंत मोजे, गळ्यात पाण्याची बाटली. माझी मिशी तेवढी तशीच होती. काकू एरवी खिदळल्या असत्या. आज त्या रिबिनीची एकच गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या.

"धैर्या, पोरगी पुढच्या रांगेत बसलीय," त्या म्हणाल्या. "मी बघितलो. तिसऱ्या खुर्चीवर."

देसाई बाईंनी माईकवर नाव पुकारलं. "आता एक पालक आपल्या पैजेची परतफेड करणार आहेत."

मी दोरीवरच्या उड्या मारत स्टेजवर आलो.

आयुष्यात एवढा हशा मी कमावला नव्हता. सगळं मैदान उसळलं. पोरं खुर्च्यांवर उभी राहिली. मागं कोणीतरी शिट्ट्या मारत होतं, मुख्याध्यापक रुमालानं डोळे पुसत होते. मी पोरीसारखा लाजलो, वेणी गोल फिरवली, ती सुटून माझ्याच तोंडावर आपटली. अजून एक लाट आली. बाटलीचं झाकण उघडलं आणि पाणी अंगावर सांडून घेतलं. लोक एकमेकांच्या खांद्यांवर पडत होते.

मी तिसऱ्या खुर्चीकडं बघत होतो.

नंदू हात मांडीवर ठेवून बसली होती. डोळे माझ्यावर. तिनं डावीकडं बघितलं, तिथली पोरगी हसत होती. उजवीकडं बघितलं, विराज खुर्चीतून घसरत हसत होता. मग तिनं तोंड उघडलं आणि हसली. बरोबर तेवढीच. शेजारणीइतकी.

मी कान धरले. "एक!" पोरांनी मोजायला सुरुवात केली. "दोन! तीन!" सातव्याला पाठीमागची शिवण उसवली, आवाज माईकमधे गेला, मैदान परत फुटलं. नंदूनं बाजूला बघितलं आणि हसली. अकराव्याला मी मुद्दाम पडलो, पाय वर. तिनं बाजूला बघितलं. पंधराव्याला माझे गुडघे खरंच भरून आले, मी खरंच पडलो, आणि तोंडातनं खरीच एक शिवी निघाली. लोकांना ते सगळ्यात जास्त आवडलं. तिनं आधी बाजूला बघितलं.

"वीस! एकवीस!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. "बास, बास! पैज फिटली!" देसाई बाई माईकवर म्हणाल्या.

मी बाविसावी मारली.

लोक हसले. तेविसाव्याला पण हसले, थोडे कमी. पंचवीस झाल्यावर मागच्या शिट्ट्या थांबल्या. मुख्याध्यापकांनी रुमाल खिशात ठेवला. माझा घाम मिशीतून तोंडात येत होता, एक रिबीन सुटून खांद्यावर लोंबत होती. मृणाली रांगेच्या कडेला उभी होती, पदराचं टोक तोंडात धरून.

"धैर्या," उम्या स्टेजच्या पायरीवर आला होता. "झालं लगा. उठ. एकवीसच होत्या."

मी त्याच्याकडं बघितलं नाही. आता मैदानात कोणीच हसत नव्हतं. म्हणून नंदूनं पण हसणं थांबवलं होतं. हात परत मांडीवर. कोणाकडं बघायला आता काही उरलं नव्हतं, म्हणून ती सरळ माझ्याकडं बघत होती.

बाई हळू आवाजात म्हणाल्या, "चौगुले, पुढचा कार्यक्रम आहे."

मी कान सोडले नाहीत. पोरीकडं तोंड करून परत खाली बसलो.